वजा केलेला वास

तिला कामावर सगळे 'नाक' म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. एखाद्या घरात कुठूनतरी वास यायला लागतो, कुठून ते कळत नाही, सगळं धुऊनपुसून झालं तरी जात नाही, तेव्हा तिला बोलावणं येई. भिंतीच्या पोकळीत मेलेला उंदीर, फरशीखाली झिरपणारा नळ, कपाटामागे चढलेली बुरशी. ती खोलीची दारंखिडक्या लावून घ्यायची, मधोमध खुर्ची टाकून डोळे मिटून बसायची. घरच्यांना वाटायचं, बाईला डुलकी लागली. मग ती उठायची, सरळ चालत जायची आणि भिंतीवर एका जागी बोट टेकवायची. तिथे तिचा दीर पटाशी लावायचा.

दीर सुतार. हात सोन्याचा, तोंड मात्र सतत चालू.

"भिंतीतून काही निघालं नाही तर भरून कोण देणार, वहिनी?"

"तुम्ही. नाक माझं, हात तुमचे."

"आणि उंदीर निघाला तर?"

"तो दोघांचा. पण घरी तुम्ही न्यायचा."

काम सुरू करण्याआधी ती एक गोष्ट न चुकता करायची. डावी बाही नाकाशी नेऊन खोल श्वास घ्यायची. दिराला वाटायचं, असेल काहीतरी सवय. गवई नाही का आधी खाकरतो, तसं. खरं तर ती स्वतःला वजा करत असे. आज मला माझा म्हणून जो वास येतोय तो हा, एवढा. आता खोलीत याच्यावर जे उरेल ते घराचं. या हिशेबात ती कधी चुकली नव्हती.

तिच्या डाव्या काखेत शाळेच्या शेवटच्या वर्षापासून गाठी यायच्या. आई म्हणाली काखमांजरी आहे, फुटेल आणि जाईल. फुटली. गेली मात्र नाही. शेजारी दुसरी आली, मग तिसरी, आणि काही वर्षांनी तिच्या लक्षात आलं की त्या आता वेगवेगळ्या राहिल्याच नाहीत. एका तोंडाशी दाबलं की दुसऱ्या तोंडातून पाझरायचं. कातडीखाली कुणीतरी वाटा खणत होतं. लोकांनी काय काय सांगितलं! साबण बदल. गोड सोड. अंगात उष्णता आहे. नीट आंघोळ करत जा गं, मुलीच्या जातीला बरं दिसत नाही. शेवटचा सल्ला तिने इतका मनावर घेतला की कातडी सोलवटून निघायची. मग तिने सल्ले घेणंच बंद केलं, जुन्या सुती कापडाच्या मऊ घड्या करून, चारी बाजूंनी धावदोरा घालून त्या बाहीच्या आत टाचायला शिकली, आणि डावा हात अंगाशी धरून जगायला लागली. नवऱ्याला माहीत होतं. दिराला नव्हतं. आणि तीन वर्षांच्या चिमणीला एवढंच माहीत होतं की आईच्या उजव्या कडेवर बसायचं असतं, डावी कड त्यासाठी नसतेच.

*

त्या घराचं बोलावणं आलं तेव्हा हवा कोरडी होती. घर दुमजली, रस्त्याच्या टोकाला. आत भिंतींना कमरेपर्यंत लाकडी फळ्या मारलेल्या, वर्षानुवर्षं मेण घासून काळ्या पडलेल्या. दार उघडलं ते एका उंच, ताठ आजींनी.

"नळवाला येऊन गेला. उंदीरवाला येऊन गेला," आजी म्हणाल्या. "दोघंही म्हणाले, काही नाही. आता तुमची पाळी."

"कुठे येतो वास?"

"तेच तर. तो एका जागी बसत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "सकाळी या बोळात असतो. दुपारी जिन्यात. हिंडतो तो."

दीर मागून पुटपुटला, "पाय फुटलेला उंदीर."

आजींनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो एकदम हत्यारांची पिशवी आवरायला लागला. तेवढ्यात जिन्यावरून एक तरुण बाई उतरली. आजींची लेक. बाळाला घेऊन माहेरीच राहत होती, नवरा बोटीवर कामाला, सहा-सहा महिने बाहेर. अंगात जाडसर स्वेटर, खांद्यावर बाळाचं दुपटं. तिने पाहुण्यांकडे पाहून मान हलवली, भिंतीला घासून पुढे गेली आणि स्वयंपाकघरात नाहीशी झाली.

नाकाने खुर्ची मागून घेतली. बाही हुंगली, डोळे मिटले. मेण. जुनं लाकूड. बाळाचं दूध. ओल्या चपला. त्यात कुठेतरी तिचा स्वतःचा वास, गोडसर आणि खालून कुजट, नेहमीचाच. तो तिने काढून बाजूला ठेवला. उरलं ते साधं, स्वच्छ घर.

"इथे काही नाही, आजी."

"आत्ता येतोय," आजी म्हणाल्या. "आत्ता, या घडीला, तुमच्या नाकासमोर."

"वहिनी," दीर संकोचून म्हणाला, "मला पण येतोय हो जरासा."

दिराला कधी काही कळत नसे. त्याचं नाक लाकडाच्या भुशाने केव्हाच बसलं होतं. त्याला येतोय म्हणजे तो तिचाच. घडी भिजली असणार. ती गडबडीने उठली, कोट चढवला, पुन्हा येऊन बघते असं काहीतरी म्हणाली आणि बाहेर रस्त्यावर येऊन वाऱ्याच्या दिशेला उभी राहिली. आजी दारात होत्या. त्यांच्या मागे, बोळाच्या अंधारात, लेक उभी होती आणि तिच्याकडे टक लावून पाहत होती.

घरी जाईपर्यंत दीर एक शब्द बोलला नाही. त्याचं गप्प बसणं तिला सगळ्यात जास्त लागलं.

*

दुसऱ्याच आठवड्यात ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. ती बाई वयाने तिच्याएवढीच. हात वर करायला सांगितला आणि नाक मुरडलं नाही, मागे सरली नाही, एवढ्यानेच तिला रडू फुटलं.

"याला नाव आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा."

"एवढं मोठं?"

"आजार जुनाट आहे, नावही तसंच. ऐका. हा अस्वच्छतेने होत नाही. कुणाला लागत नाही. केसांच्या मुळाशी तोंडं बंद होतात, आत सूज धरते, आणि शरीराचे पहारेकरी गरजेपेक्षा जास्त चवताळतात. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की बोगदे तयार होतात."

मग त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. सांधे दुखतात का, पोट बिघडतं का, पाळी वेळेवर येते का, सिगारेट ओढता का. आणि शेवटी: "घरात आणखी कुणाला? काखेतच असं नाही. जांघेत, छातीखाली, डोक्यात. माकडहाडाशी न भरणारा नासूर, तोसुद्धा याचाच भाऊबंद. खूपदा हे रक्तातून येतं, आणि घरातले लोक एकमेकांपासून लपवत बसतात."

आधी गोळ्यांचा लांबलचक कोर्स झाला. मग ते इंजेक्शन, जे ती मांडीत स्वतः टोचायला शिकली. सूज उतरल्यावर बोगद्यांचं छप्पर काढलं. डॉक्टर तसंच म्हणाल्या, छप्पर काढायचं, आणि दीर तिथे असता तर लगेच भाव सांगून मोकळा झाला असता. जखम शिवली नाही. उघडीच ठेवली, तळापासून भरत यावी म्हणून. नवरा रोज मलमपट्टी करायचा, जीभ दातांत धरून, एखादं घड्याळ जोडावं तसा. हळूहळू तळ वर आला. एक दिवस घडी कोरडी निघाली. दुसऱ्या दिवशीही. हा आजार पुरता जात नसतो, डोकं वर काढू शकतो, इंजेक्शन चालूच ठेवायचं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं; तरी तिने त्या दिवशी दोन्ही हात वर करून केस बांधले आणि आरशासमोर बराच वेळ तशीच उभी राहिली.

त्याच दुपारी चिमणीला झोपवताना एक विचित्र गोष्ट घडली. पोर कुशीत आली, नाक खुपसून नेहमीची जागा शोधायला लागली. इकडे शोधलं, तिकडे शोधलं. मग उठून बसली आणि आईकडे अशी पाहायला लागली की तिच्या अंगावर काटा आला.

"तू कोण?" चिमणीने विचारलं.

"अगं, मी आई."

"आई अशी नाही." तिने पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. "आई कुठे गेली?"

त्या दुपारी ती झोपली नाही. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसून राहिली, दाराकडे बघत. खरी आई आता येईल म्हणून.

*

आजींचा निरोप पुन्हा आला. या वेळी आवाजात ताठपणा नव्हता. "तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर तो वाढलाय. पाळण्याशी येऊन उभा राहतो. रविवारी माझी बहीण बाळाला घेऊन जाणार आहे. हे निस्तरेपर्यंत ते तिच्याकडेच राहील."

"आणि बाळाची आई?"

"ती म्हणते, जाऊ दे. तिलाही कळतं."

दिराला घेऊन ती शनिवारी भर सकाळी पोचली. आजींनी दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच थबकली.

समोर बोळ रिकामा होता. पण त्या रिकाम्या बोळात ती स्वतः उभी होती. तोच वास. गोडसर, खालून कुजट, तिला झोपेतही ओळखू येईल असा. तिने गडबडीने डावी बाही हुंगली. साबण आणि सूत, बाकी काही नाही. पुन्हा समोर हुंगलं. तो होताच. जणू मागल्या खेपेला ती कोट चढवून निघून गेली तेव्हा तिच्यातली एक जण इथेच मागे राहिली होती, आणि इतके महिने या घरात वरखाली करत होती.

"काय झालं, वहिनी? पांढऱ्याफटक पडलात."

"काही नाही. खुर्ची नको. मी इथेच उभी राहते." तिने डोळे मिटले आणि आजींना विचारलं, "बाळ रडतं तेव्हा वास असतो?"

"तेव्हाच असतो! बाळ रडलं रे रडलं की तो तिकडे धावतो."

"म्हणजे रडणं आधी? वास नंतर?"

आजी क्षणभर अडखळल्या. "हो. तसंच म्हणायचं."

"आणि वास आला की बाळ जास्त रडतं?"

आजींचा आवाज आला, अगदी बारीक. "नाही. गप्प होतं. एकदम. तोंड दाबल्यासारखं गप्प होतं. म्हणून तर मला भीती वाटते, बाई."

दिराच्या पिशवीत हत्यारं खुळखुळली.

आणि तेवढ्यात वर बाळ रडायला लागलं.

तिने डोळे उघडले नाहीत. स्वयंपाकघराच्या बाजूने हवा हलली. वास जवळ आला, दाट झाला, तिच्या खांद्याच्या उंचीवरून तिला चाटून पुढे गेला, तिच्याच उंचीचा, तिच्याच चालीने, डाव्या अंगाने जरासा झुकलेला. जिन्याच्या पायऱ्या करकरल्या. वरचं रडणं मध्येच तुटलं.

घर शांत झालं. तिने डोळे उघडले तेव्हा स्वयंपाकघराचं दार अजून हलत होतं.

"बघितलंत?" आजी कुजबुजल्या. त्यांना लेक जिन्याने वर जाताना दिसली होती. ती त्यांना रोजच दिसत होती. दिसली नव्हती ती दुसरी गोष्ट: वास तिच्याच पावलांनी चालत होता.

तिचे पाय आपोआप चालू लागले. जिन्याखाली फळ्यांची एक चौकट होती. तिचे दोन खिळे नव्हते आणि मेणावर बोटांचे ठसे होते. दीर पटाशी घेऊन पुढे झाला.

"थांबा, भाऊजी. मी बघते."

फळी नखाने सरकली. आत अंधारात कापडाच्या छोट्या घड्या होत्या, एकीवर एक, धुवायची संधी मिळेपर्यंत लपवलेल्या. मऊ जुनं सूत. चारी बाजूंनी धावदोरा. ते आपलंच हस्तकौशल्य आहे असं वाटून तिने एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग फळी अलगद जागेवर लावली.

मागल्या खेपेला हे सगळं इथेच होतं. तिने आपल्या हाताने ते वजा केलं होतं. दुसऱ्या एका जिवाला तिने स्वतः समजून हिशेबातून काढून टाकलं होतं, आणि आजींची लेक बोळात उभी राहून, ओळखेल का ही मला, म्हणून पाहत होती.

"भिंतीत काही नाही, आजी."

"मग ते आहेत," आजी म्हणाल्या आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर मटकन बसल्या. "मला आधीच माहीत होतं. हा त्यांचा वास आहे. माझ्या नवऱ्याचा."

दिराने पटाशी खाली ठेवली.

"त्यांना इथे," आजींनी पाठीच्या टोकाशी हात नेला, "गळू व्हायचं. भरायचं, फुटायचं, पुन्हा भरायचं. लग्नाच्या आधीपासून. मधे भोक असलेली उशी घेऊन बसायचे. लोकांना सांगायचे, घोड्यावरून पडलो. घोडा कसला! जन्मात कधी गाढवावर बसले नाहीत. मी त्यांचे कपडे चाळीस वर्षं वेगळे धुतले, लेकीलासुद्धा कळू दिलं नाही. शेवटच्या दिवसांत मी बाहेर जाऊन नाक मोकळं करायची. ते त्यांना कळायचं. त्यांनी एकदा विचारलं, मी गेलो की घर धुऊन काढशील ना?" आजींचा आवाज फाटला. "मी हो म्हटलं. आणि आता ते बाळाशी येऊन उभे राहतात."

वरच्या पायरीवर लेक उभी होती. बाळ पाळण्यात ठेवून आली असावी. स्वेटरच्या आत डावा हात अंगाशी घट्ट. वडिलांच्या उशीमागचं खरं कारण ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

आता बोलायला हवं होतं. फळी उघडून दाखवली असती तर काम झालं असतं, पैसे मिळाले असते, आणि त्या पोरीला उभ्या जन्मात मान वर करता आली नसती. गप्प बसलं तर उद्या रविवार होता.

तिने कोट काढला. सदऱ्याची डावी बाही खांद्यापर्यंत वर सारली. दीर घाईघाईने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"नाही, भाऊजी. तुम्हीही बघा. तुम्हाला त्या दिवशी आला होता ना वास?"

आणि तिने हात वर केला. सरळ, छताकडे, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखा. काखेत गुलाबी, ओढलेल्या कातडीचे पट्टे होते, वाळलेल्या ओढ्यांसारखे.

"आजी, हा वास माझा होता," ती म्हणाली. "थेट हाच. म्हणून मागल्या खेपेला मला तो आला नाही. मला वाटलं, मीच आहे. हा आजार आहे. याला नाव आहे, डॉक्टर आहे, औषध आहे. घाणीचा नाही. कुणाला लागत नाही, बाळालाही नाही. रक्तातून येऊ शकतो, असं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. उशीवाल्यांकडूनसुद्धा."

ती जिन्याच्या वर पाहत नव्हती. मुद्दामच पाहत नव्हती.

"म्हणजे ते आहेत," आजी म्हणाल्या.

"आहेत. पण भिंतीत नाहीत."

आजींनी हळूहळू मान वळवली. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. दीर उगीचच फळीवरचा न दिसणारा भुसा पुसत राहिला.

"केव्हापासून गं?" आजींनी शेवटी विचारलं.

"बारावीपासून."

"आणि मला...?"

"तुझं नाक केवढं तिखट, आई!" लेक हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "मला वाटलं बाळाला माझ्यामुळे काहीतरी होईल. म्हणून म्हटलं, जाऊ दे मावशीकडे."

वर बाळाने पुन्हा सूर लावला. आजी सवयीने ताडकन उठल्या, लेकीला ओलांडून वर गेल्या आणि त्याला घेऊन खाली आल्या. त्यांच्या खांद्यावर ते हातपाय झाडत होतं, लालबुंद झालं होतं. आजींनी थोपटलं, झुलवलं, ओ ओ केलं. रडणं वाढत गेलं.

लेक हलली नाही. आपण घ्यायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

आजी तिच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या नाकपुड्या एकदा थरथरल्या, जुन्या सवयीने, आणि त्यांनी त्या थरथरू दिल्या. मागे सरल्या नाहीत. "धर," त्या म्हणाल्या. "कुठल्या बाजूला दुखत नाही?"

"उजव्या."

"मग उजवीकडे घे."

बाळ आईकडे गेलं. तिच्या उजव्या कुशीतून त्याने डोकं वळवलं, डावीकडे वळवलं, स्वेटरच्या लोकरीत नाक घासत जागा शोधली. ती सापडली आणि ते एकदम गप्प झालं. तोंड दाबल्यासारखं नाही. घरी पोचल्यासारखं.

आजी ते पाहत राहिल्या. "आणि मी त्यांच्यापासून नाक..." त्या म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. मग कोपऱ्यातल्या फोनकडे गेल्या, बहिणीला उद्या येऊ नकोस म्हणून सांगायला.

बाहेर रस्त्यावर दीर पिशवी खांद्यावर टाकून चालत होता, आणि तिने त्याला बोगद्यांची, छप्पर काढल्याची सगळी हकीकत सांगितली. मग तो म्हणाला, "छप्पर कुणी काढलं म्हणालात, वहिनी? सुताराला विचारायचं तरी."

ती हसली. सवयीने बाही नाकाशी नेली. साबण आणि सूत. आता वजा करायला काही उरलं नव्हतं, आणि त्या मोकळ्या जागेची तिला जराशी भीती वाटली.

घरी चिमणी दारातच उभी होती, दोन्ही हात वर करून. तिने तिला उचललं आणि पहिल्यांदाच डाव्या कडेवर घेतलं. चिमणीने संशयाने मान खाली घातली, नव्या जागेत नाक खुपसलं आणि कितीतरी वेळ, एकेक श्वास घेत, ही कोण ते शोधत राहिली. ती हलली नाही. थांबली. पोरीचं होईपर्यंत थांबली.